सत्कारात मावळलेला सामना

मैदानावर फक्की मारल्याचा वास आला की मला कळस गावातली ती कबड्डी आठवते. बौद्धवस्तीचा संघ पहिल्यांदाच अंतिम सामन्यात आला होता, समोर गावठाणाचा, दरवर्षी जिंकणारा. पण आधी पाहुण्यांचे सत्कार होते, आणि एकाला फेटा बांधला की रुसवा नको म्हणून शेजारच्यालाही बांधावा लागे. चौदाव्या फेट्याला सूर्य मावळला. मैदानावर दिवे नव्हते. “नाणं उडवू,” संयोजक आबा म्हणाले, “दोन्हीकडं आपलीच पोरं हायती.” वस्तीचा कर्णधार बँकेत कारकून होता. तो म्हणाला, “आबा, नाण्यावर जिंकलो तर गाव म्हणंल, नशिबानं मिळालं. उद्या सकाळी खेळू.” “उद्या पाहुणं न्हाईत, मंडपबी न्हाय.” “मंग तर येळंवर सुरू हुईल!” यावर आधी गावठाणाचेच खेळाडू हसले. सकाळी सामना झाला आणि वस्ती एका गुणाने हरली. मी कर्णधाराचं सांत्वन करायला गेलो, तर तो शेवटच्या पकडीवरून विजेत्यांशी कडाकडा भांडत होता, आणि तेही त्याच्याशी तितक्याच जोरात. इतक्या बरोबरीचं भांडण त्या गावात मी तोवर ऐकलं नव्हतं; समतेवरची भाषणं मात्र अजूनही ऐकतो.