दमलेल्या वायूचं माहेरपण

रसायनशास्त्र शिकवणारी माझी लेक चार दिवस माहेरी आली होती. ओट्याशी उभी राहून ती गॅसच्या निळ्या ज्योतीकडे बघत होती. मी सहज विचारलं, "जळून जो कार्बन डायऑक्साइड होतो, त्याचं पुन्हा इंधन नाही का होत गं?"

"होतं की. पण तो दमलेला वायू आहे, आई. जवळचं सगळं देऊन बसलेला. आधी उन्हाची, विजेची ताकद त्याच्यात घालावी लागते. त्यानं दिली त्याहून जास्तच."

मला हसू आलं. "म्हणजे माहेरपणच की!"

खिडकीबाहेरचा कढीपत्ता हेच तर करतो. त्या दमलेल्याला उन्हात जवळ घेतो, त्याचं हिरवं पान करतो.

"हो," ज्योतीवरची नजर न काढता ती म्हणाली, "आणि मग पुन्हा जळायला पाठवायचं."

मी गॅस बंद केला.