आईचा रंग

फोटो स्टुडिओतल्या पडद्यावर आई गोरी दिसत होती. हातातल्या प्रिंटवरही तेवढीच गोरी. दुकानदार खुशीत म्हणाला, "मॉनिटर आणि प्रिंटर कसे जुळवलेत बघा! रंगात तसूभरही फरक नाही."

जुळणारच. दोन खोटारड्यांनी आधी ठरवून घेतलं की साक्ष जुळतेच. माझी आई काळी होती. सासरच्यांचे टोमणे जन्मभर ऐकूनही तिने कधी तोंडाला पावडर फासली नाही. आता ती गेल्यावर या मेल्याने एका बटणात ते काम उरकलं.

"गेलेल्या माणसाला आम्ही उजळ करतोच, ताई."

"परत काळी करा."

"अहो, तेराव्याला सगळे नातेवाईक बघतील!"

"बघू देत. जन्मभर नाक मुरडून बघितलं, आता हार घालून बघतील."