नवीन पेट्रोल पाइप गेला कुठे?

जुनी मोटरसायकल वापरणाऱ्यांनो, गॅरेजमधून आलेली गाडी तुम्ही तपासता का? मी तपासतो.

बाबांच्या गाडीच्या पेट्रोल पाइपला भेगा पडल्या होत्या. पेट्रोल थेट गरम इंजिनावर ठिबकायचं. बाबा रोज त्याच गाडीवरून आमच्या सांडोर गावातून केळी बाजारात नेतात. म्हणून काल पाइप बदलायला गाडी गॅरेजमध्ये टाकली. संध्याकाळी बाबाच गाडी घेऊन आले.

आज सकाळी पुन्हा पेट्रोलचा वास! वाकून पाहिलं, तर तोच जुना पाइप, वर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. मेकॅनिकवर माझा आधीपासूनच संशय होता. तडक गॅरेजवर गेलो.

"नवीन पाइप बसवलाच नाहीस ना?" गिऱ्हाइकांसमोरच विचारलं.

"मी बसवला, भाऊ. मला चोर म्हणण्याआधी घरी विचार."

घरी बाबा शांतपणे म्हणाले, "नवीन काढून कपाटात ठेवलाय. जुना परत लावून पट्टी मीच मारली. जुना अजून चालतोय, तर चांगली वस्तू लगेच कशाला वापरायची?"

नवीन पाइप मी लगेच बसवला. मेकॅनिकची माफीही मागून आलो.

पण गेल्या महिन्यात मी बाबांना मागच्या चाकाचे नवीन ब्रेक शू आणून दिले होते. तेव्हा "बसवले" म्हणाले होते. आता मागचं चाक खोलायला बसलोय. तुमच्या घरीही असं कोणी आहे का?