देवाचा बोकड, दिराचा हात

दिराच्या हातावर मी खुरपं चालवलं, तेव्हा माझ्या तोंडात देवाचं नाव होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना कुणी मला साध्वी समजायला नको.

राहात्याजवळ आमची वस्ती. दोन भावांची दोन घरं, मध्ये बोळ, मागं एकमेकांना लागून रानं. आमच्या ख्रिस्ती मंडळीत सुगीनंतर हंगामाचा सण होतो. त्या रविवारी ज्याच्या घरात जे पहिलं आणि चांगलं आलं असेल, ते तो चर्चमध्ये आणून वेदीपुढं ठेवतो. कुणी कणसं आणतं, कुणी भोपळा, कुणी कोंबडा. त्या वर्षी मी बोकड बोलले होते. शेळीच्या पहिल्या वेताचा, काळाभोर. भर मंडळीत उभी राहून सांगितलं, हा देवाचा. आणि देवाच्या जनावराला बांधायचं कशाला, म्हणून तो मोकळा सोडला. नवरा दोनदा म्हणाला, "बांधत जा." मी ऐकते कुठली! माझी भक्ती तेव्हा भलतीच जोरात होती.

बोकड रोज दिराच्या रानात घुसायचा. दिरानं आधी नुसता हाकलला. मग एकदा बोळात येऊन बजावलं, "वहिनी, कांद्याचं रोप टाकलंय म्या. आवरा त्याला."

"देवाचं जनावर आहे, भाऊजी. चार पानं खाल्ली तर काय बिघडलं?"

तो पाठ फिरवून रानात गेला. मला वाटलं, गप्प बसवला.

पुढच्या मंगळवारी मी आमच्या रानात गुरांचा घास खुरपत होते. बोकड ओरडला आणि ओरडणं मध्येच तुटलं. मी धावत गेले. रोपाचे वाफे पार तुडवलेले, अर्धं रोप फस्त. दीर पहार घेऊन उभा. बोकडाचं डोकं फुटलेलं, पण मागचे पाय अजून झाडत होता. माझ्याकडं बघत बघत दिरानं पहार पुन्हा उचलली आणि दुसरा घाव घातला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "देवाच्या बोकडाला मारतोस? देवाच्या?" असं ओरडत मी हातातलं खुरपं त्याच्या तोंडावर हाणलं. त्यानं उजवा हात आडवा घातला. पातं तळव्यात घुसलं आणि मी ते ओढून काढलं. आतलं पांढरं दिसलं, मग रक्ताचा लोट आला. त्यानं डाव्या हातानं माझा अंबाडा धरून मला वाफ्यात आपटलं, बरगडीत लाथ घातली. मी त्याच्या पोटरीला कडकडून चावले. नवरा पळत आला, मागून जाऊ लंगडत आली, त्यांनी आम्हाला ओढून वेगळं केलं. दर रविवारी एकाच बाकावर बसणारी आम्ही माणसं चिखलात लोळत होतो, आणि मला खरंच त्याचा जीव घ्यायचा होता.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कशानं लागलं. दीर म्हणाला, "कडब्याच्या कुट्टी मशिनीत हात गेला." हे मला नवऱ्यानं सांगितलं. पोलीस घरी आले नाहीत ते दिराच्या त्या खोट्यामुळं. टाके काढले तरी त्याच्या दोन बोटांनी पुन्हा मूठ धरली नाही.

सणाला चार आठवडे होते. मी ठरवलं, देवाचा बोकड गेला, तर त्याची आईच द्यायची. दुभती शेळी घेऊन मी वेदीपुढं उभी राहिले आणि सगळ्यांसमोर कबूल केलं, "दिराचा हात मशिनीत गेला नाही. मी कापलाय." पाळकसाहेबांनी माझ्यासाठी प्रार्थना केली. बायकांनी डोळे पुसले. ताप उतरल्यावर वाटतं तसं मला हलकं हलकं वाटलं.

उपासना संपली की आम्ही दारात उभं राहून एकमेकांना सलाम म्हणतो, हात मिळवतो. मी दिरापुढं गेले, हात पुढं केला. त्यानं डाव्या हातानं अशी चपराक ठेवून दिली की माझा ओठ फुटला.

"तुला हलकं वाटावं म्हनून बोललीस तू! तुला वाचवायला मी डाक्टरपुढं खोटा झालो, आन् आता तूच खरी? देवाला शेळी दिलीस. मला काय दिलंस? माझ्या गाया कोन पिळतंय, इचारलंस का कधी?"

नव्हतं विचारलं. जावेचे गुडघे गेलेले, तिला गाईखाली बसता येत नाही, हे मला पक्कं माहीत होतं. तरी माझी मूठ वळली होती. पाळकसाहेब मध्ये पडले नसते, तर चर्चच्या पायरीवरच पुन्हा जुंपली असती.

सोमवारी पहाटे मी त्याच्या गोठ्यात गेले. प्रेमानं नाही, रागानंच गेले. त्यानं रिकामी बादली फेकून मारली, ती कपाळाला लागली. "निघ हितनं!" मी बादली उचलली, गाईखाली बसले आणि मनात त्याला शिव्या मोजत धारा काढल्या. कपाळाचं रक्त भुवईवर वाळत होतं. दुसऱ्या दिवशी तो गोठ्याकडं फिरकलाच नाही. मी मात्र गेले. सकाळ-संध्याकाळ जातच राहिले. त्या दिवसांत मी देवाकडं काहीही मागितलं नाही, मला त्याच्यापुढं तोंड उघडायची लाज वाटत होती.

महिना गेला असेल. एका सकाळी मला जायला उशीर झाला, चांगलं उजाडलं होतं. दीर गोठ्यात उभा होता. कास धुवायला कोमट पाणी त्यानं काढून ठेवलं होतं.

"जनावर ताटकळलं, वहिनी. यायचं नसंल तर सांगत जा."

मी खाली बसले. कासेला हात लावला आणि माझा हात थांबला. देवाला सांगून झालं होतं, मंडळीला सांगून झालं होतं. ज्याचा हात होता त्याला मी एकदाही सांगितलं नव्हतं.

"भाऊजी," मी म्हणाले, "मी तुमचा हात निकामी केला."

"व्हय," तो म्हणाला. "केला तुमी."

आणि तिथंच, शेणात, माझ्यासमोर उकिडवा बसून तो गडी ढसाढसा रडला.