चोविसातली एक

सुवर्णा विधाते मुळातच भित्री. मखमलाबादच्या मळ्यात वाढूनही विहिरीच्या काठाशी ती कधी उभी राहिली नाही. पर्यावरण शिक्षणाच्या एम.ए.ला नाशिकमध्ये प्रवेश घेतला, तो वर्गात बसून शिकायचं असेल असं समजून. पण दुसऱ्या वर्षी, दोन हजार चारच्या सुरुवातीला, मार्गदर्शक यादव सरांनी सांगितलं, "प्रबंध रानात लिहायचा. मुलांना घेऊन जा आणि उघड्यावर शिकवून बघ."

तिने घोटीजवळच्या एका गावची सातवीची चोवीस मुलं निवडली. पहिल्या चार फेऱ्या नीट पार पडल्या, तरी प्रत्येक फेरीच्या आदल्या दिवशी तिची भीती परत येई. साप, दरड, ओढ्यातला डोह, एकेक डोळ्यांपुढे यायचं. पोरं मोजायची तर तिला सवयच जडली होती.

पाचव्या फेरीचा धडा सरपणाचा होता. तांब्याभर पाण्याला उकळी यायला किती लाकूड लागतं, ते मुलांनी तोलून बघायचं. कड्याखालची सपाट जागा बघून सुवर्णाने तीन दगड मांडले आणि चूल पेटवली. लाकूड ओलसर होतं. धुराचा लोट सरळ कड्याला लागून वर चढला. वर कपारीत काय लोंबतंय, ते तिने पाहिलंच नव्हतं.

आधी नुसती घरघर ऐकू आली. मग मुलांतला रोहित ओरडला, "बाई, आग्या मोहोळ!"

काळा ढग खाली सुटला.  बसायला आणलेली ताडपत्री सुवर्णाने ओढली आणि किंचाळली, "सगळे आत! आडवे व्हा!" पोरं एकमेकांवर कोसळली. आत अंधार, घाम, रडणं. वरून माश्या थडाथड आपटत होत्या. सुवर्णा डोकी चाचपत मोजत होती. तेवीस. परत मोजली. तेवीसच.

"वेदिका नाय, बाई," कुणीतरी हुंदका देत म्हणालं. "ती काटक्या आणायला गेली व्हती."

सुवर्णाला वाटलं, आपण इथेच मरावं. बाहेर जायची तिची हिंमत नव्हती. "रोहित, ताडपत्रीच्या कडा दाबून धर. कुणी हलायचं नाही," एवढं बोलून तिने ओढणी तोंडाला गुंडाळली आणि ती बाहेर सरपटली.

कपाळावर, मानेवर, हातांवर डंख बसत गेले. डोळा मिटत चालला. वेदिकाला हाक मारायला तोंड उघडलं, तर ओठावरच डंख बसला. तेवढ्यात उतारावरून दबका आवाज आला, "पळू नको बाई, आडवी हो! पोरगी हितं हाय."

गवत कापायला आलेली, गावातलीच गोजराबाई होती ती. वेदिकाला पोटाशी घेऊन ती गवताच्या भाऱ्यांखाली पालथी पडली होती. सुवर्णा तशीच रांगत त्यांच्याशेजारी शिरली. तासाभराने घरघर विरली, तोवर वेदिकाचा श्वास चालतोय ना, हे ती हात लावून पुन्हापुन्हा बघत होती.

घोटीच्या दवाखान्यात सुवर्णाच्या अंगातून एकतीस काटे निघाले. चार मुलांना थोडे डंख होते. वेदिकाला सूज चढली म्हणून रात्रभर ठेवून घेतलं. सकाळी ती पेज प्यायली, तेव्हा कुठे सुवर्णाला रडू फुटलं.

पण खरी भीती पुढेच होती. गावात पालक जमले. माश्या चुलीच्या धुराने उठल्या, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. रानात असं होतंच, असं म्हणून लोक तिचीच समजूत काढत होते. गप्प राहिली असती तरी चाललं असतं. पण ती उभी राहिली. "धूर मी केला. वर न बघता चूल मांडली. चूक माझी आहे."

वेदिकाचे वडील धोंडीराम उठले. म्हणाले, "माझी पोर आता तुमच्यासंगं यायची नाय." आणि निघून गेले. त्यांची पोर पुन्हा आली नाही. त्यांच्यासकट सहा घरांनी आपापली मुलं थांबवली.

सुवर्णाने हे सगळं प्रबंधात लिहिलं, चुलीच्या जागेच्या नकाशासकट. तोंडी परीक्षेला बाहेरच्या परीक्षकांनी तेवढंच प्रकरण उघडलं आणि विचारलं, "आता पुन्हा जाल?"

"जाईन," ती म्हणाली. "पण सर, भीती अजून गेलेली नाही."

त्यांनी मान डोलावली आणि सही केली. पुढच्या जूनपासून ती अठरा मुलांना घेऊन फेऱ्या घेऊ लागली. पुढे चालायला गोजराबाई असायची.