हवेचा भार उतरल्यावर

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हालाच का सांगते आहे, ते विचारू नका – मलाही नीट कळलेलं नाही.

माझं काम ऐकून लोक हसतात. हवेला वजन असतं, त्या वजनाने जमीन दबते, आणि मी ते दबणं मोजते. काही मिलिमीटर. थंडीत हवा जड होते, जमीन खाली जाते. पावसाळ्यात समुद्रावर कमी दाबाचा पट्टा आला की ती जराशी वर येते. हवेमुळे जमीन किती हलायला हवी ते मॉडेलमध्ये काढायचं आणि यंत्राने मोजलेल्या आकड्यांतून वजा करायचं. उरेल ते जमिनीचं स्वतःचं हलणं.

असं एक यंत्र मी मिठबावला मावशीच्या मागीलदारी बसवलं होतं, सिमेंटच्या खांबावर. घर सड्याच्या, म्हणजे कातळाच्या पठाराच्या, कडेला, मागे उतार. परक्याची परवानगी कोण काढत बसणार? मावशी त्या खांबाला 'तुझो देव' म्हणायची.

एका हिवाळ्यात तो खांब खाली जायला लागला – मॉडेल सांगत होतं त्याहून बराच जास्त. समुद्र हवेखाली स्वतःच दबतो, म्हणून त्याच्यावरच्या हवेचा भार किनाऱ्याच्या हिशेबात धरायचा नसतो. हे मला तोंडपाठ होतं. तरी मी तो मिठबावपुरता धरला. अहवाल द्यायचा होता, नाव व्हायचं होतं, आणि एकटं मिठबाव सगळं बिघडवत होतं. भार धरला आणि आकडे जुळले.

त्याच सुमारास मावशीच्या मागच्या पडवीत बारीक भेग पडली. ती म्हणाली, "देवाक कौल लावया गो. हयसर ऱ्हवाचा की झिलाकडे कुडाळाक जावचा, तो काय तो सांगात." देवाच्या अंगाला पाकळ्या लावायच्या, कुठली आधी पडते ते बघायचं – आणि त्यावर घर सोडायचं? मला हसू आलं. "हवेचो दाब आसा तो, मावशे. पावसात जमीन परत वर येतली." तिने कौल लावला नाही. तिने माझं ऐकलं.

मग पाऊस आला, समुद्रावर कमी दाब आला. मालवण, तोंडवली, ओरोस – सगळीकडची यंत्रं वर आली. मिठबाव आलं नाही. हवेचा भार उतरला होता, तरी त्या जमिनीवर काहीतरी बसूनच होतं. भर दुपारी ऑफिसात मला कळलं – तो हवेचा दाब नव्हता, उतारच सरकत होता. मावशीला फोन लावायला घेतला – आणि खाली ठेवला. काय सांगणार होते? आकडे मी जुळवले म्हणून? मिठबावपुढे 'यंत्रात बिघाड' असं लिहिलं आणि घरी जाऊन भात टाकला.

त्याच पावसात पडवी उतारावरून खाली गेली. मावशीचे यजमान, काका, जेवून तिथे आडवे झाले होते.

खांब तिरका होऊन खालच्या मातीत उभा राहिला. त्याचं यंत्र उन्हावर चालायचं, ते चालूच राहिलं. काकांचं बारावं झालं तरी ते मला आकडे पाठवत होतं. हवा जड झाली की खाली, हलकी झाली की वर – अगदी मॉडेल सांगेल तसं. मी रोज उघडून बघत होते. का, ते सांगता येत नाही. भीती वाटायची, तरी बघायचे.

मावशी आता कुडाळला मुलाकडे असते. कौल लावला नाही म्हणून देव कोपला, नवरा आपणच घालवला, अशी तिची खात्री आहे. दर वर्षी तिला मिठबावच्या देवळात जायचं असतं. गाडीने मीच नेते. गुरव गाऱ्हाणं घालतो: "बा देवा म्हाराजा, ह्या बायेन तुका इचारल्यान नाय. तिच्या हातसून चूक झाली, ती पदरात घे रे म्हाराजा."

मावशी मान खाली घालून रडत असते. गाऱ्हाण्याच्या प्रत्येक वाक्याला बाजूला उभ्या असलेल्याने होकार द्यायचा असतो. बाजूला मी असते.

"व्हय म्हाराजा," मी म्हणते.