रिक्षातून फिरणारी चावी

राहनाळला दुसरा गाळा घेतला तेव्हा आमच्या ह्यांनी पेढे वाटले, आणि सुट्या भागांसाठी नवं कपाट आणलं. त्याला कुलूपही असं शोधून आणलं, की जुन्या कपाटाचीच चावी त्याला लागावी. मी म्हटलं, "अहो, दुसरी चावी करून घ्या की."

"एक चावी म्हणजे एक मालक," हे म्हणाले. "दोन झाल्या की कोण कुणाला विचारतंय?"

आता त्यांचंही चुकत नव्हतं म्हणा. भिवंडीतले आमचे लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, घराच्या खालीच. वर चहा पिताना कुठला लूम थांबला ते ह्यांना कानाने कळायचं. धोट्याला टोला देणारा पिकर तुटला, की हे खाली उतरणार, कमरेची चावी काढणार, नवा पिकर देणार, परत कुलूप. बशीतला चहा निवायच्या आत वर हजर. इतकी वर्षं छान चाललं.

पण राहनाळचा पिकर काही भिवंडीत ऐकू येत नाही ना! तिकडून मुकादमाचा फोन आला की हे स्कूटर काढायचे. गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा काय केलं? ओळखीचा रिक्षावाला ठरवला. रुमालात बांधलेली चावी मागच्या सीटवर एकटी बसून राहनाळला जायची.

मी रिक्षावाल्याला चिडवायची, "सांभाळून ने रे बाबा, वारा लागेल तिला."

"चाची, ऐसी सवारी नसीब से मिलती है," तो म्हणायचा. "भाव नहीं करती."

हसायला बरं होतं. पण चावी तिकडे पोचली, की इकडे काहीतरी तुटायचं. कारागिराला मजुरी विणलेल्या कापडाच्या मीटरवर. लूम थांबला की त्याची मजुरी थांबली. बिचारे समोरच्या टपरीवर बसायचे. दोन गाळे घेऊन वाढला तो त्या चहावाल्याचा धंदा! आमचं कापड होतं तेवढंच राहिलं.

शेवटी आम्हाला सूत देऊन कापड विणून घेणारा व्यापारी वैतागला. "शुक्रवारी येतो. लूम बंद दिसले तर सूत उचलून नेईन." सूत गेलं असतं तर राहनाळचा गाळा सोडावाच लागला असता.

शुक्रवारी ह्यांनी मला लाडू घेऊन पुढे पाठवलं. मी पोचते तर दोन लूम बंद, कपाटाला कुलूप, आणि व्यापारी खुर्चीत. चावी निघाली होती, पण नाक्यावर कंटेनरच्या रांगेत अडकली होती.

"चावी कुठून येतेय, नाशिकहून?" व्यापाऱ्याने विचारलं आणि लाडू बाजूला सारला. लाडू सारला म्हणजे माणूस उठणार, एवढं मला कळतं.

मी मुकादमाला म्हटलं, "कुलपाला हात लावू नको. बिजागऱ्यांचे स्क्रू खोल."

"चाची, सेठ गुस्सा होंगे."

"सेठला मी बघते. तू खोल."

दार कुलपासकट निघालं, भिंतीला टेकवलं. पिकर बसले, लूम सुरू झाले. व्यापारी हसत हसत लाडू खायला लागला. म्हणाला, "हे दार परत लावू नका, मग सूत ठेवतो."

तेवढ्यात हे आले. कपाट बघितलं, मला बघितलं. "उद्या सगळे पिकर बाजारात विकायला जातील," म्हणाले.

मुकादमच म्हणाला, "सेठ, टूटा हुआ दो, नया लो. टूटे हुए की पेटी आप देखते रहना."

रिक्षातून चावी पोचली, ती ह्यांनी कमरेला खोचली. पण दार परत लावलं नाही. हळूहळू घरच्या कपाटालाही कुलूप लावायचं राहूनच गेलं. टीव्हीवर देशाचा उद्योग कसा वाढेल यावर मोठी माणसं तासतास बोलतात. मला आपलं ते दार आठवतं.

यंदा आम्ही तिसरा गाळा बघतोय. रिक्षावाला मात्र रुसलाय. आणि ते दार अजून तिथेच भिंतीला आहे, कुलपासकट. खंडेनवमीला हे लुमांची पूजा करतात, मग हळूच त्या कुलपालाही झेंडूचं फूल वाहतात. चावी अजून कमरेलाच आहे. असू दे.